कॉन्फरन्स विद्यापीठात, गर्दी अंबाबाईला: तिघींच्या एका खोलीचं प्रकरण

लातूरची माझी मावसबहीण केमिस्ट्रीत पीएचडी करते. शिवाजी विद्यापीठातल्या दोन दिवसांच्या एका राष्ट्रीय परिषदेला तिचं पोस्टर सिलेक्ट झालं आणि तिनं मला फोन केला की दादा, कोल्हापुरात स्वस्त पण बरी रूम बघून दे. सोबत तिची मैत्रीण, ती तिकडंच एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे आणि तेही येतील तेव्हा खरे. आणि तिसऱ्या, त्या मैत्रिणीच्या आई. काकूंना परिषदेशी काही देणंघेणं नाही, पण पोरगी कोल्हापूरला चाललीय म्हटल्यावर अंबाबाईचं दर्शन होतंय तर मी पण येते असं त्यांनी जाहीर करून टाकलं. परिषद शुक्रवार-शनिवार, ३० आणि ३१ जानेवारी. गुरुवारी रात्री लातूरहून ट्रॅव्हल्स, शुक्रवारी पहाटे कोल्हापूर, शनिवारी रात्री साडेनऊची परतीची गाडी. प्रवास सोडून माणशी हजारात सगळं बसवायचं होतं.

मी इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात अकाउंटला आहे. परिषदांना जाऊन आलेल्या प्राध्यापकांची टीएची, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळं लोक कुठं उतरतात, किती देतात आणि परत आल्यावर कशासाठी कपाळाला हात लावतात हे रोज बघतो. म्हणून हे एकच प्रकरण आकड्यांसकट लिहून काढलंय. आकडे त्या वेळचे आहेत, तुमच्या वेळी बदलतील, हिशोब कसा घातला ते बघा.

आधी घरचा विषय संपवतो, कारण पहिला प्रश्न तोच येणार, भाऊ कोल्हापुरात असताना लॉज कशाला. तर आमचं घर फुलेवाडीत, रंकाळ्याच्याही पलीकडं, आणि विद्यापीठ बरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन खोल्या, त्यात आई-बाबा, आणि पोरीची बारावीची परीक्षा दहा-बारा दिवसांवर. आईनं फोनवर 'आमच्याकडंच उतरा' म्हणून तीनदा सांगितलं, पण मावसबहिणीनं स्वतःच सांगितलं की मावशी, जेवायला येतो, राहायला नको, आम्ही रात्री उशिरापर्यंत प्रेझेंटेशन करणार आणि तुझ्या नातीची झोप मोडणार. पाहुणचाराच्या नादात दोघांचीही गैरसोय होते हे ती बोलली ते बरं झालं, नाहीतर मला बोलता आलं नसतं.

आता मूळ मुद्दा. पुण्या-मुंबईत मोठी परिषद असली की आजूबाजूच्या हॉटेलांचे रेट परिषदेमुळं वाढतात. कोल्हापुरात तसं होत नाही. इथं विद्यापीठात दोनशे-तीनशे माणसं आली काय न आली काय, लॉजवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. इथला रेट ठरतो अंबाबाईच्या गर्दीवर. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं अंबाबाई, जोतिबा, नृसिंहवाडी अशी फेरी मारायला येतात, तिरुपती करून आलेले कर्नाटक-आंध्रचे भाविक येतात, कोकण-गोव्याला जाणारे एक मुक्काम इथं टाकतात. नवरात्रात तर विचारूच नका. त्यामुळं कोल्हापूरच्या परिषदेसाठी रूम बघताना परिषदेची तारीख देवळाच्या कॅलेंडरशेजारी ठेवून बघायची, आणि भाविकांना जो भाग नको असतो तिथं आपली रूम शोधायची. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि ही तारीख नेमकी वाईट निघाली. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस, नोव्हेंबरात ९, १०, ११ ला असतो तसाच. मावळतीचा सूर्य महाद्वारातून थेट आत येतो आणि किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात, ते बघायला माणसं लांबून येतात. त्यात शनिवारपासून वीकेंड. मावसबहिणीनं ॲपवर देवळाजवळचा एक लॉज बघून ठेवला होता, त्याच खोलीचा बुधवारचा रेट मी टाकून बघितला तर ७५० आला, शुक्रवारचा ११५०, शनिवारचा १७००. खोली तीच, गादी तीच.

ती म्हणाली, 'दादा, अकराशे पन्नास तर ठीक वाटायलंय की, काकूंना देऊळ पण जवळ पडतंय.' वाटतं खरं. पण स्क्रीनवरचा आकडा दोन माणसांचा होता, तिसऱ्या माणसाचे ४००. झाले १५५०. त्यावर ५ टक्के जीएसटी. (२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के झालाय, त्याआधी १२ होता. कुणी अजून १२ लावत असेल तर विचारा.) म्हणजे १६२७. पण खरी गोम पुढंच होती. चेक-इन दुपारी १२ ला. या तिघी पोचणार पहाटे सहाच्या आत आणि नऊ-साडेनऊला रजिस्ट्रेशन. त्या मधल्या तीन तासांसाठीच तर खोली पाहिजे, अंघोळ करायला, साडी नेसायला, रात्रभर बसून सुजलेले पाय जरा वर करायला. फोन करून विचारलं तर लवकर चेक-इनचे ६०० पडतील म्हणाले, तेही खोली रिकामी असली तर. झाले २२२७. वर देवळापासून विद्यापीठ पाचेक किलोमीटर, दोघींचं दोन दिवस जाणं-येणं म्हणजे चार रिक्षा, एकेक १२० धरली तरी ४८०. गेला आकडा २७०० वर, आणि शनिवारी चेक-आऊट सकाळी ११ ला, म्हणजे ऐन सेशनच्या वेळेला.

रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या माणसानं रेटच्या आधी चेक-आऊटची पद्धत विचारावी. कोल्हापुरात एसटी स्टँडच्या आसपास, शाहूपुरीत, अजून २४ तासवाले लॉज आहेत. पहाटे साडेपाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत तुमचा एक दिवस. हॉटेल जरा चकचकीत झालं की १२ ते १२ होतं आणि मग पहाटेच्या पाहुण्याला एका रात्रीसाठी दीड दिवसाचे पैसे बसतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या बिलात लोक सगळ्यात जास्त पैसे इथंच घालवतात, आणि त्यांना ते कळतही नाही, कारण बिलात ते वेगळं दिसतच नाही, नुसतं दोन दिवस असं लिहिलेलं असतं.

बाकीचे पर्यायही बघितले, नाही असं नाही. परिषदेच्या फॉर्मात निवासाची सोय होती, पैसे भरून. आयोजकांना फोन केल्यावर कळलं की गेस्ट हाऊस बोलावलेल्या वक्त्यांना दिलंय आणि विद्यार्थिनींसाठी हॉस्टेलमध्ये थोड्या खाटा आहेत, पण त्या फक्त रजिस्टर केलेल्या विद्यार्थिनींना. म्हणजे मावसबहीण बसते, मैत्रीण नोकरीतली म्हणून अडते, काकूंचा तर प्रश्नच नाही. एकटी येणाऱ्या रिसर्च स्टुडंटला मी डोळे झाकून हे घे म्हणेन, कँपसमध्येच राहायला मिळतं आणि रात्री पोस्टरवर काम करणाऱ्या चार जणी भेटतात. पण फॉर्म भरतानाच टिक करावं लागतं, मागून कोण ऐकत नाही.

काकूंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की कोल्हापुरात बोर्डिंगं लई, तिथं होईल का सोय. बोर्डिंगं आहेत हे खरं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, प्रत्येक समाजाच्या पोरांना शिकायला गावात राहायची सोय झाली पाहिजे म्हणून. दसरा चौकाच्या आसपास फिरलं की पाट्या दिसतात. पण ती विद्यार्थ्यांची वसतिगृहं, पाहुण्यांच्या मुक्कामाची नव्हेत. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरं मग लांबून बघू.

देवळाच्या परिसरातल्या धर्मशाळा आणि यात्री निवास हा कागदावर सगळ्यात स्वस्त पर्याय. सहाशेत खोली मिळत होती, रिक्षा धरून सगळं हजार-अकराशेत बसलं असतं. तरी मी नको म्हणालो. एक तर वीकेंडला, त्यात किरणोत्सवाच्या तोंडावर, फोनवर बुकिंग घेत नाहीत, जो आधी येईल त्याला. पहाटे पोस्टरची नळी आणि लॅपटॉप घेऊन पायरीवर बसायचं आणि खोली मिळाली तर मिळाली, हे दर्शनाला आलेल्या माणसाला चालतं, साडेनऊला रजिस्ट्रेशन असलेल्याला नाही. दुसरं, रात्री दहाला दार बंद, आणि शुक्रवारी परिषदेचं जेवण संपणार होतं तेच नऊला. तिसरं कारण माझ्या धंद्यातलं. तिथं मिळते देणगी पावती. मावसबहिणीला कंटिंजन्सीतून, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या पैशातून, राहण्याचा खर्च मिळणार होता आणि देणगी पावतीवर कुठलाच अकाउंट सेक्शन पैसे काढत नाही. काकू एकट्या आल्या असत्या तर मात्र मी त्यांना तिथंच नेऊन सोडलं असतं, दुसरीकडं कुठं बघितलंही नसतं.

राजारामपुरीत एक बरं हॉटेल मिळत होतं. विद्यापीठाला तोच भाग जवळ, आणि संध्याकाळी जनता बाजारपासून वर चालत गेलं की खायची काही कमी नाही. पण डबल रूम १७००, जादा गादीचे ४००, वर जीएसटी, म्हणजे २२०५. १२ ते १२. मॅनेजर म्हणाला आठला या, रिकामी असली तर देतो, नसली तर अर्धा दिवस पडेल. रिक्षा धरून हेही २७०० च्या आसपासच जात होतं. एकट्यानं येणाऱ्या, कॉलेजकडून पूर्ण पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकाला मी राजारामपुरीच सांगतो. हायवेकडेची मोठी हॉटेलं बघितलीच नाहीत, स्वतःची गाडी नसेल तर तिथं उतरणं म्हणजे प्रत्येक चहाला रिक्षा.

राहिली शाहूपुरी. इथं देऊळही थोडं लांब आणि विद्यापीठही थोडं लांब, दोन्हीच्या मधोमध, म्हणून भाविक कमी आणि रेट स्थिर. आधी मला काकूंसाठी देवळाजवळ आणि पोरींसाठी विद्यापीठाजवळ अशी ओढाताण वाटत होती, मग लक्षात आलं की ज्याची वेळ घट्ट आहे त्याच्या सोयीनं खोली घ्यायची आणि ज्याची वेळ मोकळी आहे त्यानं रिक्षा करायची. काकूंना दर्शन पहाटे केलं काय नि दुपारी केलं काय. दोघींना मात्र साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

लॉजला फोन लावला. हे फोन ॲपवरून बुक करण्याआधी करायचेच, आणि एका दमात सगळं विचारून टाकायचं. मी विचारलं, तीन बायका आहेत, थ्री बेड आहे का, २४ तास का १२ ते १२, जीएसटी धरून किती, बिल पक्कं मिळेल ना, गरम पाणी गिझरचं का सोलरचं आणि किती वाजता. तिकडनं उत्तर, 'या की साहेब, थ्री बेड हाय, चोवीस तास, तेराशे, वर जीएसटी. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. बिल देतो की, त्यात काय.' सहा ते नऊ ऐकून बरं वाटलं, कारण या तिघींची वेळ तीच. दुपारी येणाऱ्याला मात्र हाच लॉज थंड पाण्यानं अंघोळ घालणार.

जीएसटीचं एक बारीक सांगून ठेवतो. ज्या लॉजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला नोंदणी लागत नाही आणि मग तो बिलात जीएसटी लावूच शकत नाही. पण तीच खोली ॲपवरून घेतली तर ॲपवाला कर लावतो, त्याला तो भरावाच लागतो. म्हणजे छोट्या लॉजला थेट फोन केला तर तेवढा कर वाचतो, आणि ॲपचं कमिशन वाचल्यावर लॉजवाला पण थोडं खाली येतो. आपला लॉज नोंदणीवाला होता, ६५ रुपये द्यावे लागले, पण बिलावर जीएसटी नंबर आला तो पुढं कामाला आला.

दुसरी गोष्ट नंबरची. मॅपवर दिसणारा फोन नंबर खरा असेलच असं नाही. भक्त निवास, यात्री निवास अशा नावांच्या खोट्या वेबसाइटी करून ॲडव्हान्स उकळतात, २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सायबर विभागानं तीर्थक्षेत्रांच्या बुकिंगबद्दल तसा इशाराही दिला होता. पूर्ण पैसे आधी मागितले की समजायचं काहीतरी गडबड आहे. गावात ओळखीचा माणूस असेल तर त्याला समोर जाऊन ५०० द्यायला लावायचं आणि पावती घ्यायची. नसेल तर यूपीआयवर नाव कुणाचं दिसतंय ते बघायचं, लॉजच्या नावाचं खातं आहे का भलत्याच माणसाचं. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

मी इथलाच, म्हणून ऑफिस सुटल्यावर जाऊन आलो. लॉजवाला नेहमी एकच सॅम्पल रूम दाखवतो, खाली रंग नवीन असलेली. ती बघून म्हटलं, आता जी देणार आहात ती दाखवा. वर दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडेची. लिफ्ट नाही. काकूंचे गुडघे. आणि खिडकी उघडली तर समोर स्टँडकडं जाणारा सगळा ट्रॅफिक, एसटीचे हॉर्न. मागच्या बाजूची पहिल्या मजल्यावरची मागितली, तर तीत खिडकी बोळात उघडते, उजेड कमी पण आवाज नाही. घेतली. आतून कडी नीट लागते का बघितलं, बाथरूमच्या दाराची पण, खाटेजवळ प्लग आहे का, मोबाईलला रेंज आहे का. उजेड कमी असला तर झोप जास्त लागते, पोस्टर काय खिडकीत बसून वाचायचं नव्हतं. नंबर लिहून घेतला, पावतीवर पण त्याच खोलीचा नंबर घालायला लावला. मॅनेजरनं जरा तोंड वाकडं केलं, पण घातला. तीन बायका पहाटे अंधारात येणार आणि काउंटरवरचा पोरगा म्हणणार ती रूम गेली, दुसरी घ्या, हे मला नको होतं.

बुकिंग झाल्यावर मावसबहिणीनं आयोजकांना विचारलं की प्रतिनिधींसाठी बस आहे का आणि कुठून. तर सकाळी सव्वानऊला सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवरून, बस होती. लॉजपासून चालत पाच मिनिटं. हे बुकिंगच्या आधीच विचारायचं असतं खरं तर, कारण परिषदेची बस जिथून सुटते त्याच्याजवळची खोली शंभरभर महाग असली तरी परवडते. इथं योगायोगानं जमलं, पण तसं बघितलं तर योगायोगही नव्हे. कोल्हापुरात कुठल्याही कार्यक्रमाची बस सीबीएस नाहीतर कावळा नाका इथूनच सुटणार, दुसरीकडून सोडली तर बाहेरगावच्या माणसाला ती सापडणार नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. ट्रॅव्हल्सवाल्यानं तिकिटावर कोल्हापूर स्टँड लिहिलं होतं आणि पाचला उतरवलं तावडे हॉटेलला, हायवेवरच, गाडी पुढं जायची आहे म्हणाला. पहाटेची वेळ, रिक्षावाल्यानं २०० मागितले, दिले. मला फोन केला असता तर मी गाडी घेऊन गेलो असतो, पण मावसबहीण म्हणे तुला कशाला उठवायचं. सहाच्या आत खोलीत. आधारच्या झेरॉक्स तिघींच्या मागितल्या, मी आधीच मास्क्ड आधार काढून आणायला सांगितलं होतं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. काउंटरवरच्या पोरानं 'हे काय असलं' म्हणून विचारलं, मग चालतंय म्हणाला. सहाला गरम पाणी आलं, साडेसातपर्यंत तिघींच्या अंघोळी, एक तास झोप, सव्वानऊची बस.

काकू शुक्रवारी दिवसभर झोपल्या, दुपारी खाली जाऊन जेवल्या आणि संध्याकाळी एकट्याच रिक्षा करून देवळात गेल्या. रांग बघून बाहेरूनच मुखदर्शन घेतलं, वैतागल्या, परत आल्या. शनिवारी पहाटे पुन्हा गेल्या तर अर्ध्या तासात आतून दर्शन. मला त्यांना हेच सांगायचं होतं पण मोठ्या माणसाला कोण सांगणार. तिथून सरळ आमच्या घरी, आईबरोबर दिवसभर गप्पा, आणि संध्याकाळी दोघी मिळून महाद्वार रोडच्या गर्दीत किरणोत्सवाला. त्यामुळं शनिवारी दुसऱ्या दिवसाची खोली लागलीच नाही. नियमानं पहाटे सहाला खोली सोडायला पाहिजे होती, पण मॅनेजरला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, पावणेनऊपर्यंत बसू दिलं, बॅगा रात्रीपर्यंत काउंटरमागं ठेवल्या. हे आदल्या दिवशी विचारलं तर बहुतेक जण देतात. त्याच दिवशी सकाळी विचारलं तर तोच माणूस अर्ध्या दिवसाचे मागतो.

अडचण झाली शुक्रवारी रात्री. परिषदेचं जेवण लांबलं, सव्वानऊ वाजले, परतीची बस फक्त वक्त्यांच्या हॉटेलांकडं जाणार होती. विद्यापीठाच्या गेटवर त्या वेळेला रिक्षा मिळायला उशीर लागतो, केएमटी, म्हणजे गावातली सिटी बस, तोपर्यंत विरळ झालेली. सायबर चौकापर्यंत दोघी चालत आल्या, सोबत अजून दोन-तीन प्रतिनिधी होते म्हणून निभावलं, तिथून १५० देऊन रिक्षा. इथं राजारामपुरीवाल्या हॉटेलात असत्या तर हा त्रास नसता हे मान्य. ज्या बाईला रोज रात्री उशिरा परतायचंय तिनं पाच-सातशे जास्त देऊन विद्यापीठाच्या जवळ राहावं, हिशोब तिथं बाजूला ठेवावा. पाऊस असला तर अजून एक, स्टँड आणि राजारामपुरीच्या मधला परीख पूल जोराच्या पावसात तुंबतो आणि मग रिक्षा लांबून फिरून जाते. जुलै-ऑगस्टची परिषद असेल तर पैसे परत न मिळणारी खोली घेऊच नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा गावात यायचा तो रस्ताच बंद झाला होता.

खर्चाचा शेवटचा आकडा असा. खोली जीएसटीसकट १३६५, तावडे हॉटेलची रिक्षा २००, शुक्रवार रात्रीची १५०, शनिवारी संध्याकाळी विद्यापीठातून परत ९०, काकूंच्या देवळाच्या फेऱ्या १८०. सगळे मिळून १९८५, माणशी ६६० च्या आसपास. दोघींचं जेवण रजिस्ट्रेशनमध्ये होतं, काकूंचं शनिवारचं आमच्या आईनं सांभाळलं, काकूंच्या जेवणाचा खर्च मी धरलेला नाही आणि आईला विचारायची माझी हिंमत पण नाही.

बिलाचं राहिलं. खोली सोडताना मावसबहिणीनं बिलावर तिघींची नावं, येण्याची तारीख-वेळ, सोडण्याची तारीख-वेळ आणि खोलीचा दर असं सगळं लिहून घेतलं, मॅनेजर नुसता एकूण आकडा टाकत होता. तिनं एक तृतीयांश म्हणजे ४५५ क्लेम केले, पूर्ण बिल लावलं नाही, कारण तीन नावं दिसल्यावर अकाउंटवाला विचारणारच, मीही विचारतो. तिकडच्या ऑफिसनं वेगळीच शंका काढली, परिषद दोन दिवसांची आणि राहणं एक दिवसाचं कसं. तिनं बिलावरच्या वेळा दाखवल्या, ३० ला पहाटे ५:५० ला आत, ३१ ला ८:४० ला बाहेर, सोबत ट्रॅव्हल्सची दोन्ही तिकिटं आणि हजेरीचं सर्टिफिकेट लावलं. मग पास झालं. मैत्रिणीच्या कॉलेजनं सीएचबीला टीए नसतो म्हणून तिचा अर्ज घेतलाच नाही, ड्यूटी लीव्ह पण नाही, दोन दिवसांचे तास बुडाले ते वेगळेच. तिचे ६६० धरताना तेही धरायला पाहिजेत.